फरशीसाठी उपकारस्तुती

आमच्या चर्चपुढच्या अंगणात शहाबादी फरशी होती आणि उन्हाळ्याचे दोन महिने तिच्यावर कुरडया वाळत असत. आमच्या मंडळीने आजूबाजूच्या लोकांसाठी खरोखर जे काही केलं, ते एवढंच. बाकीची समाजसेवा ठरावांमध्ये आहे. ठराव फार सुंदर भाषेत आहेत, कारण ते माझ्या वडिलांनी लिहिले होते.

चर्च येरवड्यात, मोठ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. येरवड्याला राहते म्हटलं की पेठेतला माणूस ‘कधी सुटलात?’ असं विचारून स्वतःच हसतो. लहानपणापासून हे इतक्यांदा ऐकलंय की हल्ली मी ‘चांगल्या वर्तणुकीमुळे लवकर सोडलं’ असं सांगून मोकळी होते. चर्चच्या आवारात पूर्वी मिशनची प्राथमिक शाळा होती आणि आजोबा तिथे मास्तर होते. शाळा बंद पडली, आजोबा गेले, पण मास्तरांच्या दोन खोल्या आमच्याकडेच राहिल्या. पुढच्या खोलीत पप्पांची पेटी, पप्पांचं टेबल आणि पप्पा. मागच्या खोलीत आई, मी, माझी धाकटी बहीण रूथ, स्वयंपाक, अंथरुणं आणि उरलेलं सगळं जग. पप्पा सरकारी कचेरीत कारकून होते आणि चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. कचेरीतून दमून येत आणि कमिटीच्या कामाला बसले की ताजेतवाने होत. सकाळी पेटीवर गाण्याचा सूर धरून ते आम्हांला उठवायचे. तो सूर आणि बाहेर फरशीवर बायकांनी चालवलेली झाडझूड, या दोन आवाजांनी माझं बालपण उजाडायचं.

फरशीवर सत्ता शकूमावशीची. ती धानोरीकडच्या एका शेतकरी घरातली. नवरा गेल्यावर दोन मुलांना घेऊन आमच्या मागच्या वस्तीत राहायला आली होती. उन्हाळ्यात ती कुरडया, पापड, सांडगे करून द्यायची. कोथरूडच्या सोसायट्यांमधल्या बायका तिच्याकडून डबे भरून नेत आणि पाहुण्यांना ‘घरीच केल्यात’ म्हणून वाढत. त्या दोन महिन्यांवर तिचं वर्ष चालायचं. वस्तीतल्या घरांना गच्ची नाही आणि गल्लीत ऊन पोचत नाही, तेव्हा एवढी मोठी, सपाट, तापणारी जागा चर्चखेरीज दुसरी नव्हती. तिला ती कुणी दिली, हे कुणालाच आठवत नव्हतं. बहुधा आईनेच दिली असावी, न विचारता, आपल्याच अंगणातली असल्यासारखी. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून त्याचा चीक पहाटे शिजायचा, तेव्हा आई पदर खोचून तिथे हजर असे. गरम चीक दूध-साखर घालून आम्हांला वाटीत मिळायचा. नंतर मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ गोड खाल्लं, पण पहाटेच्या गारव्यात तोंड भाजत खाल्लेल्या त्या चिकाची सर कशालाच नाही. सोऱ्या दाबताना शकूमावशी गाणी म्हणायची, शेजारची नूरजहाँचाची कावळे हाकलायची आणि आई, जी घरात चार शब्दांच्या वर बोलत नसे, ती तिथे खो खो हसत बसलेली असायची. मला तर उन्हाळ्यातली आई ही वेगळीच बाई वाटायची आणि ती मला जास्त आवडायची.

आता कमिटीविषयी. आमच्या कमिटीत कधीही भांडण झालं नाही, असं पप्पा अभिमानाने सांगत आणि ते खरं होतं. आमची माणसं भांडत नसत, प्रार्थना करत. सभा आमच्याच पुढच्या खोलीत व्हायची. आरंभी एक प्रार्थना, शेवटी एक, आणि मधे कुणाचा आवाज चढला की अध्यक्ष रणपिसेकाका ‘आपण प्रार्थनेत जाऊ या’ म्हणत. मग सगळे डोळे मिटत आणि ज्याला जे बोलायचं ते तो देवाला सांगे. ‘हे दयाळू बापा, कित्येकांना तू मोठं मन दिलंस, काहींना नुसता मोठा आवाज दिलास, तोही तुझ्याच सेवेस लाव,’ असं पप्पा म्हणाले की रणपिसेकाकांना उत्तर देता येत नसे, कारण प्रार्थना करणाऱ्या माणसाला अडवता येत नाही. प्रार्थना संपली की सगळ्यांबरोबर ‘आमेन’ म्हणावंच लागे, म्हणजे ‘तसंच होवो’ अशी स्वतःच्या तोंडाने कबुली. मग त्यांची पाळी आली की तेही पप्पांच्या अक्षरांच्या वळणांविषयी, वेळेच्या भानाविषयी आणि नम्रतेविषयी बापाशी सविस्तर बोलत. आमचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, स्वभावाने भित्रे. ते दोघांच्याही प्रार्थनांना सारख्याच मोठ्याने आमेन म्हणत. बायकांना कमिटीत जागा नव्हती. त्यांचं मत सल्ला म्हणून घेतलं जाई आणि तो सल्ला म्हणजे चहा.

आज आमच्या चर्चचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तिथेही ‘सर्वांसाठी प्रार्थना’ म्हणून जे येतं, त्यातलं निम्मं कुणा ना कुणाला उद्देशून असतं आणि खाली रांगेने जोडलेले हात उमटतात. फरक एवढाच की आता डोळे उघडे ठेवून चालतं.

सगळ्याची सुरुवात उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला झाली. कुरडयांचा हंगाम आणि उपवासाचा काळ नेहमी एकत्रच यायचा. त्या दुपारी तीन तासांची उपासना चालली होती. चर्चमध्ये पंखे बंद, बायका पांढऱ्या साड्यांत, लहान पोरं पेंगुळलेली. पाळकसाहेब ख्रिस्ताच्या तहानेवर बोलत होते. ते म्हणाले, ‘प्रभूला तहान लागली होती! आणि त्या एवढ्या जमावातल्या कुणीही त्याला घोटभर पाणी दिलं नाही!’ ते परिणामासाठी थांबले. त्या शांततेत, उघड्या दारातून, फरशीवरून शकूमावशीचा खणखणीत आवाज आला, ‘आरं थांब जरा, देते की पाणी! मरतंय का काय!’ तिचा धाकटा पोरगा पाण्यासाठी किरकिर करत होता. पहिल्यांदा रूथ हसली. मग बायकांची बाजू हसली. मग पुरुषांच्या बाजूने खोकल्याची साथ आली. मी आईकडे पाहिलं, तर तिने पदर तोंडात कोंबला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मागच्या रांगेतल्या एका म्हातारीला वाटलं, काय ही भक्ती.

रणपिसेकाका हसले नाहीत. पुढच्याच सभेत त्यांनी इमारतीचं नूतनीकरण आणि समाजसंपर्क अशी मोठी योजना मांडली. छत गळत होतं, भिंतींना ओल होती, हे सगळं खरंच होतं. शिवाय बाजूच्या मोकळ्या जागेत समाजकेंद्र बांधायचं ठरलं, म्हणजे वस्तीतल्या लोकांना चर्चविषयी आपुलकी वाटेल. आणि पुढची जुनी फरशी उखडून तिथे हिरवळ, मधे कारंजं, आणि रस्त्याच्या बाजूने जुन्या फाटकाऐवजी उंच लोखंडी फाटक. ‘प्रथमदर्शनी भाग,’ असं ते म्हणत. आजूबाजूच्या समाजाच्या गरजा काय आहेत, यावर कमिटीने आमच्या पुढच्या खोलीत सभांमागून सभा घेतल्या. एकदा बाहेर मावशीच्या उडदाच्या कुटण्याने चर्चा ऐकू येईना, म्हणून पप्पांनी उठून दार लावून घेतलं. मग गरजांवरची चर्चा पुढे सुरू झाली. शिवणवर्ग काढावा की इंग्रजी संभाषणवर्ग, यावर दोन तट पडले आणि दोघांनीही एकमेकांसाठी खूप प्रार्थना केली.

पावसाळा संपता संपता कोथरूडचा एक तरुण आर्किटेक्ट थर्माकोलचा नमुना घेऊन आला. बोलायला फार गोड होता. आमच्या टेबलावर तो नमुना ठेवला तर हुबेहूब गणपतीची आरास वाटत होती, फक्त गणपती तेवढा बसवायचा राहिलेला. हिरवळ म्हणून हिरवा मखमली कागद होता आणि त्यावर प्लॅस्टिकची चार माणसं होती, सूट घातलेली, एकाच्या हातात कुत्र्याची साखळी. आई चहा घेऊन आली ती ट्रे हातात धरून बराच वेळ त्या माणसांकडे बघत राहिली.

‘ही कोण म्हणायची?’ तिने विचारलं.

‘ही म्हणजे समाज, काकू,’ आर्किटेक्ट म्हणाला. ‘म्हणजे कम्युनिटी. अंदाज यावा म्हणून ठेवलीत.’

‘असं होय,’ आई म्हणाली. ‘मग कुत्रं कुणाचं?’

रणपिसेकाकांनी घसा खाकरला. पप्पांनी ‘चहा ठेव आणि जा’ या अर्थाची मान हलवली.

ती गेली, पण रात्रीच्या भाकऱ्या थापताना तिने पप्पांना सरळच विचारलं, ‘अहो, फरशी गेल्यावर शकूनं कुठं जायचं?’

‘अगं, समाजकेंद्र होतंय ना तिच्यासाठी. शिवण शिकेल.’

‘तिला शिवण येतं. तिला ऊन पाहिजे.’

‘हे बघ मार्था, हा कमिटीचा विषय आहे,’ पप्पा म्हणाले आणि हा विषय तिथेच संपला असं त्यांना वाटलं.

शकूमावशीला बातमी वस्तीतून कळली. ती आमच्या मागच्या दाराशी येऊन बसली, नेहमीसारखी आत आली नाही. ‘वहिनी, फरशी काढनार हाय म्हनं?’ तिने विचारलं. आईने मान हलवली. ‘मंग पुढल्या उन्हाळ्याला मी काय करू? आगाऊ सांगितलेल्या बायांना काय सांगू? थोरल्याला औंदा आयटीआयला घातलाय. ह्यांना काय त्रास झाला माजा? त्या दिवशी वरडले त्याचा राग हाय का? मी जाऊन पाया पडते की सायबाच्या.’ आई म्हणाली, ‘पाया कुणाच्या पडायच्या नाहीत.’ एवढंच. पण शकूमावशी गेल्यावर ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून रडली आणि ते रडणं रागाचं होतं, हे मला तेव्हाही समजलं. इतकी वर्षं झाली तरी त्या थर्माकोलच्या माणसांचा मला राग येतो. मला ती मोडून टाकावीशी वाटत होती.

नाताळ झाला आणि पायाभरणीचा दिवस ठरला. बिशपसाहेब येणार म्हणून आवार धुतलं, मांडव घातला, खुर्च्यांना पांढरे अभ्रे चढवले. कार्यक्रमात स्त्रियांना स्थान हवं, असं बिशपसाहेबांच्या कचेरीतून सुचवलं गेलं होतं. तेव्हा महिला मंडळाला उपकारस्तुतीची प्रार्थना देण्यात आली. ती पाळकसाहेबांच्या बायकोने करायची, पण त्या आपल्या मुलीच्या बाळंतपणाला सोलापूरला गेल्या होत्या. मग सेक्रेटरींची बायको. पप्पांना धाकधूक होती, कारण आईने चारचौघांत कधी तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी तिला प्रार्थना तयार करून दिली आणि आठवडाभर संध्याकाळी पेटी बाजूला सारून तिच्याकडून म्हणवून घेतली. देवाचे उपकार, बिशपसाहेबांबद्दल उपकार, अध्यक्षांबद्दल उपकार, आर्किटेक्टबद्दल उपकार, आमेन. आई शाळकरी मुलीसारखी म्हणून दाखवायची. पप्पा म्हणायचे, ‘अध्यक्षांच्या इथे जरा थांबायचं. आणि लांबवू नकोस.’

पायाभरणीच्या दिवशी मांडव भरला, पण तो आमच्याच माणसांनी. ज्या समाजासाठी केंद्र बांधायचं होतं, तो समाज फाटकाबाहेर उभा होता, कारण आत बसायला आमंत्रणपत्रिका लागत होती. शकूमावशी, तिची दोन मुलं, नूरजहाँचाची, वस्तीतल्या आणखी काही बायका. आई गेली ती थेट फाटकापाशी. तिने स्वयंसेवकाला सांगितलं, ‘हे माझे पाहुणे आहेत, सेक्रेटरींच्या घरचे,’ आणि सगळ्यांना आत आणून फरशीच्या कडेला सावलीत बसवलं. मग पदर नीट करून ती व्यासपीठावर चढली. हात जोडले. मांडवभर डोळे मिटले.

मी मिटले नाहीत. म्हणून मला हे सगळं दिसलं.

‘हे प्रेमळ स्वर्गीय बापा,’ आई म्हणाली आणि पप्पांनी शिकवलेलं सगळं तिने शिकवल्याप्रमाणे म्हटलं. अध्यक्षांच्या इथे ती थांबलीसुद्धा. पप्पांच्या मिटलेल्या डोळ्यांखाली समाधान पसरलं. ते आमेनसाठी ओठ उघडणार, इतक्यात ती पुढे बोलू लागली.

‘आणि हे बापा, या फरशीबद्दल मी तुझे उपकार मानते. इथं ऊन पडतं ते तुझं आहे. या उन्हावर आमची शेजारीण शकुंतला आपल्या लेकरांना वाढवते, ते तू पाहतोस. बापा, नवं बांधकाम करताना या फरशीला हात लावायचा नाही, फाटक दिवसभर उघडं ठेवायचं आणि शकुंतलाबाईला आणि वस्तीतल्या बायकांना इथं कायम वाळवण घालू द्यायचं, अशी सुबुद्धी तू आमच्या कमिटीला दिलीस. अध्यक्षांच्या मनात ती तू घातलीस. माझ्या मालकांच्या मनात घातलीस. माणसाला आपण होऊन हे सुचलं नसतं, बापा. म्हणून तुझे फार फार उपकार.’

रणपिसेकाकांचा एक डोळा उघडला. तो पप्पांना शोधत होता. पप्पांचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले होते, पण कान लालभडक झाले होते. बिशपसाहेबांच्या समोर, भर मांडवात, देवाशी बोलणाऱ्या बाईला तुम्ही काय म्हणणार? ‘बाई, असा ठराव झालेला नाही’? पाळकसाहेब घामाघूम झाले होते. आई सावकाश, एकेक शब्द स्पष्ट उच्चारत शेवटाकडे आली आणि ‘ख्रिस्ताच्या नावानं मागते’ असं म्हणून थांबली.

‘आमेन!’ बिशपसाहेब सगळ्यांच्या आधी म्हणाले, आणि तेही सगळ्यांत मोठ्याने. मग सवयीप्रमाणे पाळकसाहेब. मग सगळा मांडव. रणपिसेकाकांचे ओठ हलले. पप्पांचेही.

पुढे जे झालं ते थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं. बिशपसाहेब भाषणाला उभे राहिले, चष्मा पुसला आणि हातातले कागद त्यांनी बाजूला ठेवले. म्हणाले, ‘मी पुष्कळ ठिकाणी पायाभरणीला जातो. सगळीकडे मला भिंती दाखवतात. या मंडळीनं मला आज आपलं अंगण दाखवलं. या कमिटीनं घेतलेला निर्णय मी सगळ्या मंडळ्यांना कळवणार आहे.’ त्यांनी रणपिसेकाकांना पुढे बोलावून मिठी मारली. टाळ्या थांबेनात. मग त्यांनी शकूमावशीला वर बोलावलं आणि विचारलं, ‘बाई, तुमच्या कुरडया टिकतात किती?’ ती म्हणाली, ‘डबा घट लावला तर चांगलं दोन वर्सं. तुमास्नी देते की, पन तळायला तेल चांगलं घ्या.’ त्या दिवसाच्या फोटोत मधोमध शकूमावशी आहे, एका बाजूला बिशपसाहेब आणि दुसऱ्या बाजूला रणपिसेकाका, दात काढताना दुखतं तसं हसणारे.

मांडव रिकामा झाल्यावर रणपिसेकाका पप्पांना खांबाआड घेऊन गेले. ‘साळवे, हा ठराव झाला कधी?’

‘प्रार्थनेत झाला,’ पप्पा म्हणाले.

‘मग रद्द करा.’

‘आपण दोघांनीही आमेन म्हटलंय, साहेब.’

फरशी राहिली. कारंजं गेलं. समाजकेंद्र बांधून झालं. त्याची किल्ली रणपिसेकाकांकडे राहिली, त्यांच्यानंतर त्यांच्या मुलाकडे, आणि समाज अजून तिथे पोचायचा आहे. त्यानंतर कुठल्याही जाहीर कार्यक्रमात प्रार्थना आधी तपासून घ्यायची, असा नियम कमिटीने केला. आईला पुन्हा कधी प्रार्थना दिली नाही. अलीकडे नव्या कमिटीने पुन्हा नूतनीकरणाची योजना काढली आहे. तिच्या सादरीकरणात पहिल्याच चित्रात कुरडया आहेत आणि खाली लिहिलंय, ‘दूरदृष्टीच्या पूर्वसूरींनी रुजवलेला समाजसंपर्क’. मी मागच्या रांगेत बसून पाहिलं आणि मला पुढे पाहवेना.

पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. पप्पा घरी आले ते थेट जेवायलाच बसले. आईने पानं वाढली होती: भात, आमटी, आणि कार्यक्रमातून उरलेली जिलबी. रूथ आणि मी माना खाली घालून बसलो. जेवणाआधीची प्रार्थना रोज पप्पाच करत. आम्हांला माहीत होतं की आता जे व्हायचं ते तिथेच होणार. कमिटीत नाही का व्हायचं, तसंच. त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले.

‘हे न्यायी देवा,’ ते म्हणाले. ‘या अन्नाबद्दल उपकार. आणि बापा, ज्या स्त्रिया आपल्या धन्याला विश्वासात न घेता, चारचौघांत, तुझ्या पवित्र नावाचा आधार घेऊन—’

‘आमेन,’ आई म्हणाली.

पप्पांनी डोळे उघडले. आई त्यांच्याकडेच बघत होती, आमटीची पळी हातात धरून. तिने डोळे मिटलेलेच नव्हते.

‘आमेन,’ रूथ म्हणाली. मग मीही म्हटलं, जेवढ्या मोठ्याने म्हणता येईल तेवढ्या. पप्पांनी आम्हां तिघींकडे एकेक करून पाहिलं, आणि भाताला हात घातला.